बेल्टवाले काका

डॉक्टर राउंडला आले की काकांचा हात आधी कमरेवर जायचा. तिथे बेल्ट नसायचा. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन असायचा, गुडघ्यापर्यंतचा, मागून नाड्यांचा. मग ते चादर छातीपर्यंत ओढून घ्यायचे आणि डॉक्टरांनाच म्हणायचे, "या, बसा."

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भाजी आणायला जातानासुद्धा इस्त्रीचा शर्ट, तो इन केलेला, वर बेल्ट. हे मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे त्यांची बायको. कोपरीला तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, बिल्डिंगला लिफ्ट नाही, गुडघ्यांनी बेजार. त्यामुळे सगळी चौकशी फोनवर. "सिस्टर, चालले का हो ते? जिना चढता आला पाहिजे त्यांना."

तोच तर घोळ होता. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन छान झालेलं, आणि काका चालायला तयार नाहीत! ऑर्थोच्या वॉर्डात मी दुखतं म्हणून रडणारे पाहिलेत, वॉकर ढकलून देणारे पाहिलेत. हे नुसतं "नको" म्हणायचे.

फिजिओथेरपीवाली मुलगी लाडीगोडीने म्हणाली, "आजोबा, चला ना! गाऊनला काय होतंय? कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," काका म्हणाले.

झालं, 'पेशंट सहकार्य करत नाही' असा शेरा पडला. डॉक्टरांनी काकांच्यादेखत त्यांच्या मुलाला सांगितलं, "असेच पडून राहिले तर छातीत कफ भरेल. समजवा यांना." यांना म्हणे! अहो, माणूस समोर चांगला शुद्धीत बसलाय, त्यालाच विचारायला काय पैसे पडत होते?

मग मीच विचारलं. "काका, शर्ट-पँट घातली तर चालाल?"

"आणि बेल्ट," ते म्हणाले.

मुलाने घरून कपडे आणले. पँट चढवताना आमच्या वॉर्डबॉय मामांना आणि मला घाम फुटला. पण शर्ट काकांनी स्वतः इन केला, बेल्ट स्वतः आवळला आणि वॉकर धरून थेट कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले. वाटेत आमच्या टेबलापाशी थांबून, "काय, काम नीट चाललंय ना?" असंही विचारून घेतलं. मी फोन करून सांगितलं तेव्हा काकू हसत होत्या की रडत होत्या, कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मेट्रन आल्या. इन्स्पेक्शन तोंडावर आलेलं. "बाहेरचे कपडे? इन्फेक्शन झालं तर जबाबदार कोण? नियम म्हणजे नियम." म्हटलं, मॅडम, धुतलेले आहेत, कडक इस्त्रीचे आहेत, एकदा आपला गाऊन बघा. पुष्कळ भांडले. कपडे पिशवीत गेले आणि काका परत पलंगावर.

आणि त्याच दुपारी आम्हाला वर हॉलमध्ये ट्रेनिंगला बसवलं. विषय काय, तर 'रुग्ण हा आधी माणूस'! सोबत समोसे. पडद्यावर एका हसऱ्या आजोबांचा फोटो. माझं डोकंच फिरलं. उठून विचारलं, "या माणसाला पँट घालू देणार का?" सगळा हॉल हसला. तुम्हीच सांगा, यात हसण्यासारखं काय होतं?

काकांची शुगर आटोक्यात येईना, जखम भरेना, म्हणून डिस्चार्ज लांबला. ते पडूनच राहिले. मग खरंच कफ भरला. वय होतं, शुगर होती. गाऊनमुळे गेले असं मी म्हणणार नाही. पण चालत होते हो! माझ्या डोळ्यांदेखत चालत गेले होते. याचा राग अजून जात नाही.

त्या सकाळी मुलगा खाली कागदपत्रांत अडकला होता. मामा पांढरी चादर घेऊन आले. मी कपाटातून काकांची पिशवी काढली.

"आता कशाला, सिस्टर?" मामा म्हणाले. "गुंडाळूनच न्यायचंय. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," मी म्हटलं. "धरा तिकडून."

पँट या वेळी सहज चढली. शर्टाची बटणं लावली, इन केला. बेल्ट शेवटच्या भोकात लावला, तरी सैलच राहिला.