गुरुवारची हवा

बोलता बोलता ते अचानक तर्जनी वर करायचे. समोरच्याने वाक्य अर्धवट सोडायचं. मान किंचित डावीकडे वळवून ते ऐकायचे आणि म्हणायचे, "गळतंय." आपल्याला काहीच ऐकू आलेलं नसायचं. मग खिशातून दाढीचा जुना ब्रश निघायचा. साबणाच्या पाण्यात बुडवून तो पाइपच्या सांध्यावरून फिरवला की तिथे बारीक बुडबुडे यायचे.

"हवा फुकट नसते, राव," असं म्हणत ते पान्याने नट आवळायचे.

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात ते कंप्रेसर रूम सांभाळत. दाबलेली हवा तिथून पाइपांनी सगळीकडे जायची आणि तिच्यावर निम्मी यंत्रं चालायची. हवा दाबायला वीज लागते. त्यातली बरीचशी उष्णता होऊन जाते, उरलेल्यातली काही सांध्यांतून गळते. हे नव्या कामगारांना पटत नसे. म्हणून त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं: हवा फुकट नसते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कारखान्यात पाहुणे आले की त्यांना या खोलीकडे कोणी आणत नाही.

मी तेव्हा एका दैनिकासाठी औद्योगिक पट्ट्यातल्या बातम्या करत होतो. वीजबचतीवर लिहायचं म्हणून त्यांना भेटलो. तिसऱ्या भेटीत त्यांनी मला चिखलीला घरी बोलावलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एका जुन्या रिक्षाचा सांगाडा होता. मागच्या सीटच्या जागी जाड पोलादी टाकी बसवलेली होती.

"हवेवर चालते," ते म्हणाले.

"पेट्रोल नाही? बॅटरी?"

"काही नाही. धूर नाही. मागून निघते ती थंड हवा. टाकी काही मिनिटांत भरते."

"मग कंपन्या का बनवत नाहीत?"

"कारण लांब जात नाही. टाकीच सगळी जागा खाते. धूर इथे नाही, पण वीज तयार होते तिथे आहेच. आणि जितकी वीज घालाल तितकं काम परत मिळत नाही. निम्मंसुद्धा नाही." हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत नव्हती. हजेरी घेतल्यासारखं त्यांनी एकेक सांगितलं.

"सगळं माहीत आहे, तरी करताय?"

दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "हेच इचारून मी दमले."

ते टाकीवरून हात फिरवत राहिले. "तीस वर्षं हवा वाचवली. आता रिटायर व्हायच्या आधी एकदा तिच्यावर बसून कंपनीच्या गेटपासून कांदा मार्केटपर्यंत जायचंय. तेवढंच."

एवढ्या दाबाची हवा फक्त कारखान्याच्या टेस्टिंग विभागात मिळणार होती. विचारावं की नाही यात त्यांचे कित्येक दिवस गेले. शेवटी मॅनेजरकडे विषय काढला, तर साहेब हसून म्हणाले, "भरा हो काका, हवाच तर आहे." हे मला सांगताना काका नाराज होते. "बघा. साहेबसुद्धा असं बोलतात."

लेखी परवानगी घ्यावी हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

दिवस गुरुवारचा ठरला, कारण त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी असते आणि रस्ते मोकळे असतात. सकाळी गेटवर पोचलो, तर ते घुटमळत होते. "उद्या करू या का? सुट्टीला ड्रायर बंद असतो. हवा ओली येईल." ड्रायर म्हणजे दाबलेल्या हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र. त्यातून न गेलेली हवा ते कधी हवेवर चालणाऱ्या एखाद्या पान्यालाही देत नसत.

मी म्हटलं, "उद्या रस्त्यावर कंटेनर असतील, काका. आणि मला फोटो उद्याच्याच अंकाला हवाय."

त्यांनी कोरड्या, मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

गाडी चालली. हे मी स्वतः शेजारी बसून अनुभवलं आहे. इंजिनाचा आवाज नव्हता, फक्त फुसफूस होती. बंद गेटांसमोरून आम्ही सायकलीपेक्षा थोड्या अधिक वेगाने निघालो. वळणावर त्यांनी तर्जनी वर केली, ऐकलं, आणि मी त्यांना पहिल्यांदाच खुलून हसताना पाहिलं. "कुठेच गळत नाही," ते म्हणाले.

कांदा मार्केट दिसायच्या आधीच गाडीने दोन गचके दिले आणि ती थांबली. मागे जाऊन पाहिलं तर मोटरचा व्हॉल्व्ह पांढरा झाला होता. दाबातून सुटलेली हवा गार होते. ओली असेल तर तिच्यातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि वाट बंद करतो. मे महिन्यातलं ऊन होतं. त्यांनी नखाने बर्फ खरवडला, तळहातावर घेतला आणि मला दाखवला. तो लगेच वितळला.

कांद्याचा एक रिकामा टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, हवा गेली काय?"

"नाही रे भावा. भरपूर आहे. निघतच नाही."

त्याच टेम्पोतून गाडी चिखलीला आली.

बातमीत मी सगळं अचूक लिहिलं. गाडीचे फायदे, तोटे, बर्फ. हवा कुठे भरली हेही लिहिलं. मॅनेजरचं वाक्य मात्र घेतलं नाही, कारण ते मी माझ्या कानांनी ऐकलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीची हवा चोरल्याच्या आरोपावरून त्यांचा गेटपास काढून घेतला गेला. चौकशीत त्यांच्यासमोर कंप्रेसर रूममधल्या फळ्याचा फोटो ठेवला. अक्षर कोणाचं, असं विचारलं. ते म्हणाले, "माझंच." मॅनेजरने परवानगीबद्दल काही आठवत नसल्याचं सांगितलं. निवृत्तीला काही महिने उरले असताना त्यांना कामावरून काढलं.

"तुम्ही साहेबांचं नाव का घेतलं नाही?" मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं.

"घेऊन काय करू? फळ्यावरचं खरंच आहे ना." आरोप त्यांना तांत्रिकदृष्ट्या बरोबर वाटत होता.

त्या दिवशी स्वयंपाकघरात कुकर लावलेला होता. त्याच्या रबरातून वाफ फुसफुसत होती, ती मलाही ऐकू येत होती. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते भिंतीकडे बघत बसले होते. शेवटी काकूच उठल्या.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. शेड रिकामी करायची होती आणि भंगारवाला भरलेली टाकी उचलायला तयार नव्हता. "तुमी होता ना त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तुमीच सोडा."

ताडपत्री काढली. टाकीवरच्या मीटरचा काटा त्या गुरुवारी जिथे थांबला होता, जवळपास तिथेच होता. इतक्या काळात एकही सांधा गळला नव्हता. मी हळूहळू व्हॉल्व्ह उघडला. मोठा, सलग आवाज सुरू झाला. धातूवर पांढरा थर धरू लागला. काटा खाली यायला फार वेळ लागला. तोवर काकू पदर धरून उभ्या होत्या.

आवाज ऐकून शेजारच्या बाई कुंपणापाशी आल्या. "काकू, काय गळतंय हो?"

"काय न्हाई बाई," काकू म्हणाल्या. "हवाच हाय."