डेल्फिनची मोठी बहीण

तेओदोराने आयुष्यभर एकच उद्योग केला. तांदळाचे पुतो वाफवायचे आणि बाजारात बसून विकायचे. त्यावरच तिने धाकट्या डेल्फिनला वाढवलं, शिकवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आणि शिकून या पठ्ठ्याने काय व्हावं, तर पत्रकार! नदीतली वाळू कोणाच्या ट्रकांतून जाते, ते त्याने गाड्यांच्या नंबरांसकट छापलं. ट्रक गव्हर्नरच्या मेव्हण्याचे निघाले. "अरे, तुला दुसरी बातमी मिळत नाही का रे?" ती करवादायची. तो पुतो तोंडात कोंबून हसायचा.

रविवारी मिस्सा आटोपून तो चर्चबाहेर आला आणि मोटरसायकलवरच्या दोघांनी त्याला गोळ्या घातल्या.

मग जो तो बोलायला लागला. मनिलातल्या मंत्र्याने तीव्र निषेध केला. विरोधकांनी चौकात मेणबत्त्या लावल्या, फोटो काढले, निघून गेले. कॉलेजच्या पोरी तेवढ्या खरोखर रडल्या. आणि गव्हर्नर रेडिओवर म्हणाला, "जुगारावरून भांडण झालेलं दिसतंय." मेल्याला लाज वाटली नाही! डेल्फिनने जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. तरी बाजारातल्या बायका कुजबुजू लागल्या. भाऊ तर गेलाच, आता त्याचं नावही जाणार, असं तेओदोराला वाटू लागलं.

तिथल्या रीतीप्रमाणे शवपेटी अजून घरातच जागराला ठेवली होती; पाचव्या दिवशी गव्हर्नर घरी आला. पुष्पचक्राच्या फितीवर त्याचं स्वतःचं नाव डेल्फिनच्या नावापेक्षा मोठं. शवपेटीशेजारी उभा राहून कॅमेऱ्यांकडे बघत म्हणाला, "मावशी, तुमचा भाऊ तो माझा भाऊ."

"मग एवढंच सांगा सगळ्यांसमोर," तेओदोरा म्हणाली. "तो जुगारी नव्हता. लिहिलं म्हणून त्याला मारलं."

"तपास चालू आहे, मावशी." तिच्या पाठीवर थोपटून तो वळला.

मयताच्या घरून निघणाऱ्याला घरच्यांनी पोचवायला जायचं नसतं. गेलं, तर मरण त्या पाहुण्याच्या पाठोपाठ जातं. शेंबडं पोरही हे पाळतं. पाच दिवस तेओदोराने सख्ख्या मैत्रिणीलासुद्धा खुर्चीतूनच निरोप दिला होता.

ती उठली.

"बसा, बसा ना, मावशी!" गव्हर्नरचा चेहरा खर्रकन उतरला. "कशाला त्रास घेता?"

"त्रास कसला? एवढे मोठे पाहुणे."

तो झपझप चालू लागला, तशी तीही. डेल्फिनच्या बायकोने, मारिसेलने, तिचा दंड धरला. "ताई, वेड लागलंय का तुम्हाला?" तेओदोराने हात सोडवून घेतला. अंगण ओलांडून ती थेट गाडीपर्यंत गेली, गाडीचं दार स्वतः लोटलं आणि म्हणाली, "सांभाळून जा हं."

गाडी गेली. फाटकाला धरून ती मटकन खाली बसली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.

"मी कधी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं गं, मारिसेल," ती म्हणाली. "डेल्फिन असता, तर आज माझ्याशी बोलला नसता."