नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली

फिनेलचा वास आला की मला आमच्या गावचा कृष्णेचा घाट आठवतो. गटाराचा नाला घाटाच्या वरच्या अंगाला नदीत पडायचा, त्या घान पान्यात पवून निम्मी आळी तापानं पडलेली, माझी धाकटी भन बी. लढाईच्या सालात सांगलीसनं पानी तपासनारा सायेब आला. नाला बांधनाऱ्या ओव्हरशेरानं घाटावर फिनेल शिंपडलं आन शिपायाला बजावलं, "बाटली नाल्याच्या वरच्या अंगाला, साफ पान्यात भर." ओव्हरशेर सायबाला च्या आनाय वळला, तसा मी देवळामागनं त्याच्याच घोगऱ्या आवाजात वरडलो, "आरं गाढवा, नाल्याच्या तोंडाशी भर!" शिपाई म्हनला, "जी!" आन भरली की बाटली! काळं पानी बघून सायबानं नाक दाबलं, आन परत आलेल्या ओव्हरशेराची पाठ थोपटली, "शाबास, खरं दावलंत!" उन्हाळ्याच्या आत नाला घाटाच्या खाली वळवला. ओव्हरशेर पुढं कैक वर्सं सांगायचा, "बाटली मीच तितं भराय लावली." मी म्हनायचो, "व्हय की आवं, आवाज तुमचाच हुता!"