तेविसाव्या दिवशीचा ताप

पहाटे साडेचारला देवमनचा दिवस सुरू होई. सहाला अकोल्याच्या कापसाच्या जिनाचा भोंगा, त्याआधी दोन मैल चालणं, आणि मग दिवे लागेपर्यंत रुईच्या गाठी लोटणं. बावीस वर्षांत त्याने पाचदा खाडे केले. पाचही वेळा आजारी होता, आणि पाचही वेळा बरा होऊन आला त्या सकाळी त्याने डॉक्टरची चिठ्ठी मुकादमापुढे धरली. जिनाची रीतच ती. खाटेवरून चिठ्ठी धाडणारा ढोंगी. परत येऊन गाठीला हात लावला, की आजार खरा.

त्याची मुलगी भागीरथा अमरावतीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. १९६२ च्या एप्रिलात तिने आठपैकी सहा पेपर दिले आणि विषमज्वराने पडली. देवमनने तिला घरी आणलं. डॉक्टरने दाखला दिला. तो अर्जासोबत मान्य झाला, तर ऑक्टोबरात दोनच पेपर द्यायचे. नाही तर आठही.

"आजच पोस्टात टाका ना," बायको पंचफुला म्हणाली.

"पोरगी खाटेवर असताना? ढोंगी म्हणतीन तिले. उभी राहू दे, मंग नेतो."

तेविसाव्या दिवशी भागीरथा उभी राहिली. बापलेक कॉलेजच्या कचेरीत गेले. हेडक्लार्क भगवंतरावांची कचेरी अकराला उघडत असे. साडेअकरा वाजले होते, म्हणजे काम सुरू व्हायच्या बेतात होतं. त्यांनी पान गालात सरकवून दाखला वाचला.

"ताप खरा दिसते."

"हो जी."

"पण अर्ज पेपर चुकल्यापासून सात दिवसांत पायजे. विद्यापीठाचा नियम आहे. तुमी काहून थांबले?"

"सात दिवस तर पोरगी शुद्धीवर नोती, साहेब."

"मग शुद्धीवर नाही, असा अर्ज करायचा."

"कोणी?"

"उमेदवारानं. सही तिचीच लागते."

भागीरथाला हसू आलं. भगवंतरावांना ते आवडलं नाही.

"आमच्या जिनात बरं झाल्यावरच चिठ्ठी घेतेत," देवमन म्हणाला.

"हे जिन नाही, बुवा. इथं आजार मुदतीत दाखवा लागते. ठेवून जा, धाडतो नागपूरले."

बाहेर आल्यावर देवमन पायरीवर टेकला. गाठ निसटली तर दोष गाठीचा नसतो, हातांचा असतो, एवढं त्याला कळत होतं.

"मीच चुकलो," तो म्हणाला.

"दोन आले तर दोन लिहीन, बाबा. आठ आले तर आठ."

नागपूरहून उत्तर यायला दहा आठवडे लागले. अर्ज उशिरा आल्यामुळे त्याचा विचार करता येत नाही, असं त्यात होतं. उत्तर किती दिवसांत द्यावं, याचा नियम बहुधा कोणी केला नसावा. तोवर ऑक्टोबरचा फॉर्म भरायची मुदत उलटून गेली होती. त्याची मात्र चोख सोय होती.

"विलंब शुल्क भरा," भगवंतराव म्हणाले. "मग उशीर चालते."

"मंग तापाचंबी विलंब शुल्क घ्या ना, साहेब. दोनच पेपर राह्यतीन."

"तशी तरतूद नाही."

"कोणाले सुचली नसन."

भगवंतरावांनी वर पाहिलं. देवमन थट्टा करत असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटेना, म्हणून त्यांनी पुढचा माणूस बोलावला.

पावसाळ्यात जिन बंद असे. देवमनने ते चार महिने रेल्वेच्या मालधक्क्यावर सिमेंटची पोती वाहिली. खांद्याची साल निघाली, तरी त्याने खाडा केला नाही आणि चिठ्ठीही मागितली नाही. त्या मजुरीतून आठ पेपरांची फी भरली गेली. त्यातले सहा भागीरथाने एकदा लिहिलेलेच होते. उरलेल्या पैशांतून विद्यापीठाला विलंब शुल्क दिलं.