भरती येत होती आणि सासूबाई गाडीतच होत्या

मंडळी, टोकावड्याला घरी पोचून तासच झालाय, पण हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझ्या सासूबाईंनी कधी समुद्र पाहिला नव्हता. गुडघ्यांमुळे त्यांना वाळूत चालवत नाही, म्हणून आज मी गाडी थेट किनाऱ्यावर उतरवली. आम्ही दोघीच होतो. लाटा बघून त्या खूश झाल्या, पण परत फिरताना पुढची चाकं वाळूत रुतली.

मी घाबरून जोरात रेस दिली, तशी गाडी आणखीच खाली बसली. आजूबाजूला कुणी नव्हतं आणि भरतीचं पाणी जवळ येत होतं.

"आई, माझा खांदा धरा, चालत जाऊ." दोन पावलांत त्या खाली बसल्या. कशीबशी उचलून त्यांना परत सीटवर बसवलं.

"तू जा गो वर," त्या म्हणाल्या. "मी बसते हितंच. मला काय होत नाय."

वाळूवर पकड मिळावी म्हणून मी टायरांतली बरीच हवा सोडली, जेवणाच्या डब्याच्या झाकणाने चाकांपुढची वाळू उपसली, गाडीतली मॅट चाकांखाली सरकवली. पाणी मागच्या चाकांना लागलं होतं. पहिला गिअर टाकून क्लच अगदी हळू सोडला. गाडी हलली! रस्ता येईपर्यंत मी थांबलेच नाही.

वर आल्यावर मला रडू फुटलं. पदराने माझे हात पुसत त्या म्हणाल्या, "जा बोलले खरी, पन तू खरंच जाशील म्हणून लय भ्याले होते."

"माझी काळजी करू नको" असं तुमच्या घरी कोण म्हणतं? तुम्ही ते खरं मानता का?