तारेला टांगलेली कुबडी

"सोड ती कुबडी! सैतानाचं लाकूड आहे ते!"

शहरातून आलेले प्रचारक माइकमध्ये ओरडले आणि त्यांच्या माणसानं माझ्या काखेतली कुबडी ओढून घेतली. सेलूत कापसाच्या जिनिंगमागच्या पटांगणात चंगाईची सभा होती, प्रभूच्या नावानं आजारी माणसं बरी करायची. स्टेजवर मी. एक पाय लहानपणीच पोलिओनं वाळलेला. खाली आमची अख्खी वस्ती.

मी पाऊल टाकलंसुद्धा! नाटकी बाई आहे मी. टाळ्या ऐकल्या की अंगात येतं. पुढच्याच क्षणी आडवी झाले. अशी पडले, की तबलजीचा तबला गडगडत स्टेजखाली गेला.

प्रचारकांनी निदान माइकवर हात ठेवायचा. नाही ठेवला.

"विश्वास कमी पडला, ताई. घरात काही पाप आहे का?"

खाली कुणीतरी फिसकन हसलं.

दोघांनी मला उचलून पडद्यामागं ठेवलं. पोतं ठेवतात तसं. कुबडी परत आली नाही. ती स्टेजवरच्या तारेला टांगली होती, आणखी काठ्यांबरोबर. बरे झालेल्यांच्या काठ्या म्हणे! मी मागितली, तर आमच्याच चर्चमधले पंच, मंडळीचे वडील म्हणतात ते, म्हणाले, "आता ती नेलीस तर लोकायचा विश्वास मोडंल. प्रभूला देऊन टाक की."

भावानं पाठीवर घालून घरी आणलं. चाळिशी उलटलेली बाई भावाच्या पाठीवर! मागं गल्लीतल्या पोरांची वरात.

दुसऱ्या दिवशी मी घरभर ढुंगणावर सरकत होते. शिलाई मशीनच्या खुर्चीवर चढता येईना. वहिनी म्हणाली, "अक्का, प्रार्थना करा."

"कुणाला? प्रभू बी त्यांच्याच स्टेजवर बसलाय."

दुखणं पायाचं नव्हतंच. ज्याच्याशी मी लहानपणापासून भांडत, हसत बोलत आले, त्यानंच मला चारचौघांत पाडलं, असं वाटत होतं. सकाळभर त्याच्याशी अबोला धरला. दुपारी मात्र राहवेना. तोंड उघडलं ते शिव्या द्यायलाच.

"तुला काय कळायलंय? तुला कुणी असं लोकांपुढं टांगून हसलं असतं, मंग कळलं असतं!"

आणि मी थबकले. कुणाला म्हणतेय मी हे? त्यालाच तर क्रुसावर टांगलं होतं. खाली उभे राहून लोक हसले होते, देवाचा आहेस तर उतर की, म्हणाले होते. कबरेतून उठला तोही हातातली खिळ्यांची भोकं बुजवून नाही उठला. ज्या मित्राला तो उठला हे खरं वाटेना, त्याला विश्वास कमी म्हणून हाकललं नाही. भोकं पुढं केली. बघ, म्हणाला.

मी फरशीवर बसून रडले, आणि रडता रडता खदखदून हसले. वहिनी घाबरून भावाला बोलवायला धावली. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. पण तो माझ्याशेजारी फरशीवर होता. एवढं मला कळलं.

"गाडी काढ," मी भावाला म्हणाले.

त्या संध्याकाळचीही सभा रंगात होती. भावानं मला स्टेजच्या पायरीवर ठेवलं. पुढं मी सरकत गेले. मुद्दाम. सावकाश. शेवटच्या रांगेला दिसेल असं. गाणं थांबलं. खांबाला धरून उभी राहिले आणि तारेवरची कुबडी काढली.

प्रचारक गोड हसले. "ताई, सैतान तुम्हाला परत बांधतोय."

"साहेब, ही सरकारी दवाखान्यातली हाय. सैतानाची असती तर एवढे हेलपाटे पडले नसते."

खालून एक म्हातारा उठला. "बाई, माझी बी द्या हो. ती पितळी मुठीची."

मी ती काढून दिली. मग आणखी एक हात वर आला.

आता मंडळीचे वडील म्हणतात, "बरी झालीस की प्रभूनं काय केलं त्याची चर्चमधी साक्ष दे. तवर मागं बस."

मी बरी होणार नाही. साक्ष देणार. दर रविवारी, कुबडी टेकत, वेदीपुढं उभी राहून. ज्याला माझा पाय बघवत नाही, त्यानं मान फिरवावी. मी मागं बसणार नाही.