जिना चढण्यापुरतं बळ

पॅरालिसिसच्या पेशंटला मी पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारते: बरं झाल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय? कुणाला देवळात जायचं असतं, कुणाला स्वतःच्या हातानं जेवायचं असतं. बिबवेवाडीतल्या त्या बंगल्यातल्या आजी म्हणाल्या, "जिना."

मी फिजिओथेरपिस्ट. विदर्भातून शिकायला पुण्यात आले, नारायण पेठेत खोली घेतली आणि मग इथलीच झाले. घरोघरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे, त्यामुळे बरीच घरं आतून पाहिली. हे घर मूळच्या शेतकऱ्यांचं. शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, धाकटा मुलगा बिल्डर झाला. तीन मजली बंगला, पायरीपासून छतापर्यंत संगमरवर, गणपतीत सगळ्या गल्लीला जेवण. थोरला मुलगा कॅनडात असतो, हे मला पहिल्याच चहाबरोबर कळलं.

जिन्याचं ऐकून धाकटा मुलगा म्हणाला, त्याची काही गरज नाही, आईची सगळी सोय खालीच केली आहे. सून चहाचे कप उचलून आत गेली.

आजींनी मात्र मनावर घेतलं होतं. डावी बाजू लुळी पडलेली, तरी मी दहा वेळा करायला सांगितलेला व्यायाम त्या वीस वेळा करायच्या. एकदा दुखण्यानं डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी म्हटलं, आजी, आज पुरे. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"त्यो उपाशी ऱ्हाईल," त्या म्हणाल्या.

अशा आजारात कधी कधी मन भरकटतं, म्हणून मी सुनेच्या कानावर घातलं. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळू आवाजात मला सांगितलं. थोरले दीर कॅनडात कधी गेलेच नव्हते. कॉलेजात असताना त्यांना भास व्हायला लागले. काही वर्षं औषधं झाली. मग धाकट्यासाठी स्थळं यायला लागली, तेव्हा त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. सुनेला हे कळलं लग्नानंतर, सासूबाई रोज ताट घेऊन वर जातात हे पाहून. ते आईच्या हातून जेवायचे, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि कॅनडाची गोष्ट गल्लीभर पसरवली होती तीही आईनंच.

"मग आता त्यांना कोण जेवू घालतं?" मी विचारलं.

तिनं गॅस बारीक केला. म्हणाली, "मॅडम, आईंना जिना नका शिकवू."

मी त्या दिवशी रिक्षातून घरी जाताना पोलिसांना सांगावं की काय, इथपर्यंत विचार केला. वर एक माणूस कोंडलेला आहे, एवढंच मला माहीत होतं. आधी त्याला डोळ्यांनी पाहावं, असं ठरवलं. पण त्याआधीच सुनेचा फोन आला. आजी एकट्याच वॉकर सोडून जिन्याला लागल्या होत्या आणि पहिल्या वळणावर कठडा धरून उभ्या होत्या. खाली यायला तयार नव्हत्या. मी पोचले आणि त्यांच्या कमरेला पट्टा बांधला. चांगला पाय आधी, मग लुळा. प्रत्येक वळणावर त्या टेकायच्या आणि पुन्हा उठायच्या. सून मागून खुर्ची घेऊन येत होती आणि रडत होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराला कडी नव्हती. आत भिंतींना नवा रंग दिलेला, खिडकीला पडदे, मधोमध चालायचं मशीन. आजी दारात उभ्या राहिल्या. पूर्वी पलंग होता त्या जागेकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

एवढ्यात धाकटा धावत वर आला. धाप लागलेली. आईला धरत म्हणाला, "आई, दादा कॅनडाला गेलाय. ट्रीटमेंटला. तिकडे चांगले डॉक्टर आहेत."

आजींनी त्याचा हात बाजूला केला. जड जिभेनं, पण नीट कळेल असं त्या बोलल्या, "ही गोष्ट मी लोकांला सांगत व्हते. तू मलाच सांगतुयास व्हय?"

तो त्या मशीनच्या कडेला बसला. खाली बघून त्यानं सांगितलं. आई हॉस्पिटलात असताना दादा जेवेना, रात्रंदिवस दार वाजवायचा. सोलापूरच्या पुढे एक संस्था होती, तिथं नेऊन ठेवलं. तिथं ताप आला, त्यातच तो गेला. अंत्यविधीही तिकडेच उरकला. इथं आणला असता तर लोकांना काय सांगणार होतो, असं त्यानं मलाच विचारलं.

आजी रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "जेवत व्हता का?"

धाकट्याला ते माहीत नव्हतं. सून पुढे झाली. "हो आई. जेवत होते. मी फोन करून विचारायचे."

खाली आल्यावर तिनं मला सांगितलं की संस्थेतल्या माणसानं फोनवर वेगळंच सांगितलं होतं.

त्यानंतर आजींनी व्यायाम सोडला. धाकट्यानं मला येत राहा म्हणून सांगितलं; त्याला बहुधा आणखी काही सुचत नव्हतं. मी जायचे, त्यांचा लुळा हात मांडीवर घेऊन हळूहळू हलवत बसायचे. आणि आजी थोरल्याबद्दल बोलायच्या. तो लहानपणी विहिरीत सूर कसा मारायचा, गणितात कसा पहिला यायचा, भाकरीचा पापुद्राच तेवढा कसा खायचा. इतकी वर्षं त्याच्याबद्दल खरं काही बोलायला त्यांना माणूसच नव्हतं. सूनही येऊन बसायची. एकदा दारातून जाताना धाकटा थांबला. विहिरीचं ऐकून म्हणाला, मलाही त्यानंच पोहायला शिकवलं. आजींनी त्याला आत बोलावलं नाही. तो तसाच पुढे गेला.

मार्गशीर्षात आजी गेल्या. सकाळी सुनेचा फोन आला. झोपेतच गेल्या, एवढं सांगून ती बराच वेळ फोन धरून राहिली. मीही ठेवला नाही.